बुधवारचा कॉल

घोडपदेव, मुंबई

प्रिय राजरत्न,

सप्रेम जय भीम. ईमेलवर माझं एवढं लांब पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगतो, तब्येत ठीक आहे. गोळ्या घेतो. शेजारच्या शेवंतीबाई कधी आमटी, कधी सुकटीची चटणी पाठवतात, बाकी माझं मी करतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपलं फोनवर कसं होतं ते तुलाही माहीत आहे. जेवलास का, जेवलो. तिकडे थंडी आहे का, आहे. मग दोघंही गप्प. तुझी आई होती तोवर हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तासभर तीच बोलायची आणि शेवटी "घ्या, बोला त्याच्याशी" म्हणून फोन माझ्या हातात द्यायची. मी "बरा आहेस ना" विचारायचो आणि मला वाटायचं, चला, पोराशी बोलणं झालं. कांता गेल्यावर तू काही दिवस रोज फोन केलास, मग रविवारी, मग बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला. तुला बोल लावत नाही. फोन मीही करू शकत होतो. हातात घ्यायचो, आणि काय बोलायचं ते सुचेना म्हणून पुन्हा ठेवायचो.

परळचं आमचं ऑफिस तुला आठवत असेल. शाळेत असताना एकदा सर्व्हर रूम बघायला आला होतास आणि एसीत इतका कुडकुडलास की मी माझा शर्ट काढून तुझ्या अंगावर घातला, स्वतः बनियनवर उभा राहिलो. औषधांचा घाऊक धंदा, कोल्हापूरपासून अकोल्यापर्यंत डेपो, आणि ते सगळे त्या एका खोलीवर चालायचे. डेपोतल्या माणसाने ऑर्डर टाकली की ती आधी माझ्या लोड बॅलन्सरकडे यायची. कुठल्या सर्व्हरवर गर्दी कमी आहे ते बघून तो तिला तिकडे पाठवायचा. तुला हे काय सांगतोय मी, तुझंच तर काम. गेल्या वर्षी साहेबांनी ठरवलं की खोली बंद, आता सगळं क्लाउडवर. सिस्टिम परदेशातल्या कंपनीची घेतली. पहिल्या मीटिंगला आमच्या मेघना मॅडम म्हणाल्या, "हे राज, मेलबर्नहून. आपलं काम हेच बघणार." स्क्रीनवर एक चौकोन उघडला आणि त्यात तू होतास. तू नोकरी बदललीस हे मला तेव्हा कळलं.

त्या क्षणी कुणीतरी बोलायला हवं होतं. मी वाट बघितली, तू सांगशील. तू बहुतेक माझी वाट बघत होतास. मला वाटलं, कंत्राटाचा मामला आहे, उगाच पोराच्या नोकरीला अडचण नको. तुलाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असेल. तुझ्या नावापुढे नुसतं टी लिहिलेलं, त्यामुळे विचारलंही कुणी नाही. तू म्हणालास, "नमस्कार, दौलतजी." मी म्हणालो, "नमस्कार, सर." एकदा तसं झाल्यावर ते तसंच राहिलं.

पण राजा, त्यानंतरचे बुधवार माझे फार चांगले गेले. मंगळवारी मी शर्टाला इस्त्री करून ठेवायचो. बाईमाणूस नसलेल्या घरात इतकी टापटीप बघून शेवंतीबाई म्हणाल्या सुद्धा, "काय तांबे, कुठे लग्नाला?" कॉलवर बाकीचे लोक चार्ट बघायचे, मी तुझी खोली बघायचो. निळा पडदा बघितला. भिंतीला टांगलेली सायकल बघितली. एका बुधवारी तू खूप खोकत होतास. आल्याचा काढा घे, असं तोंडावर आलं होतं, पण अकरा माणसांसमोर काय बोलणार? मी विचारलं, "सर, फायरवॉलचे रूल आज बघायचे की पुढच्या वेळी? घाई नाही." तू म्हणालास, पुढच्या वेळी बघू. आणि लवकर कॉल संपवून झोपायला गेलास, असं मी आपलं धरून चाललो.

मग तो रविवार आला. डेपो बंद असतात म्हणून सकाळीच काम काढलं होतं. आधी थोडी ट्रॅफिक नव्या वाटेवर सोडली, मग अर्धी, मग सगळी. कोल्हापूर चालू, रत्नागिरी चालू, अकोला चालू. लातूर अडलं. तिथला माणूस सांगत होता, स्क्रीन उघडते, छोटी ऑर्डर जाते, मोठी टाकली की नुसतं चक्र फिरत राहतं. साहेबांचा आवाज चढला. "उद्या इन्सुलिन जायचंय लातूरला. परत जुन्यावर या." मेघना मॅडम तुला विचारत होत्या, तुझे तिकडचे लोक काहीतरी भलतंच सुचवत होते. तू मान खाली घालून टाइप करत होतास. लहानपणी गणित अडलं की करायचास तसा खालचा ओठ दातात धरला होतास. आणि वर न बघता एकदम म्हणालास, "बाबा, लातूरची लाइन कुणाची आहे?"

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मुंबईत आपण कुणालाही अरे बाबा, हो बाबा म्हणतोच. मी मात्र लातूर विसरून तुझ्या चौकोनाकडे बघत राहिलो. मेघना मॅडम म्हणाल्या, "दौलतजी, तुम्ही म्यूटवर आहात का?" मग मी सांगितलं की ती इंटरनेटची लाइन वेगळ्या कंपनीची आहे, बाकी डेपोंसारखी नाही. तेवढं ऐकून तुझा चेहरा उजळला. त्या लाइनवर डेटाची मोठी पाकिटं अडकत होती. तू त्यांचा आकार लहान केलास, आणि लातूरचा माणूस ओरडला, गेली, गेली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार अभिमान वाटला. तो कुणाला सांगणार? शेजारी बसलेल्या इलेक्ट्रिशियनला म्हणालो, पोरगा हुशार आहे. तो म्हणाला, हो, हे परदेशातले हुशारच असतात.

पुढच्या आठवड्यात खोलीतली मशिनं बंद केली. एकेक बटण मीच दाबलं. शेवटी एसी बंद झाला तेव्हा बाहेरच्या पॅसेजमधलं बोलणं ऐकू यायला लागलं. त्या खोलीत बसून ते मी कधी ऐकलं नव्हतं. भंगारवाले यायचे होते, म्हणून खुर्ची घेऊन बसून राहिलो. घरी तरी कशाला लवकर जायचं?

आता कशासाठी लिहितोय ते सांगतो. खोली गेली, तसं माझं कामही गेलं. साहेब नीट वागले, शाल दिली, भाषण केलं. या बुधवारपासून कॉलवर माझ्या जागी प्राची नावाची मुलगी असेल. चांगली आहे, तिला सांभाळून घे. ती ओळख करून देईल तेव्हा, दौलतजी कुठे गेले, असं तुला सगळ्यांसमोर विचारावं लागू नये, म्हणून आधी कळवतोय. आणि दुसरं म्हणजे, मी घरी असेन. तू मला घरी फोन करत जा. कांतासारखं बोलणं मला जमत नाही, शिकायला वेळ लागेल. तोवर तू कामाचं बोल. कुठली लाइन अडली, कुठला सर्व्हर पडला, काहीही सांग, मला सगळं समजतं. आणि काहीच नसेल तर फोन चालू ठेवून तुझं काम करत बस. तुझी बोटं कीबोर्डवर चाललेली मला ऐकू आली तरी चालेल.

तुझाच,
बाबा