सकाळचा डायपर

आर्वी, रविवार

नागेशराव,

रागात आहे, म्हणून ख्यालीखुशाली विचारत नाही. काल संध्याकाळी तुम्ही अन्वीला पवनारहून परत आणून सोडलंत, तेव्हा सकाळी मी घातलेलाच डायपर तिच्या अंगावर होता. ओला होऊन फुगलेला. पिशवीत दिलेले पाचही तसेच. तो काढला तर जांघेतली कातडी लाल, सोललेली. पाणी लागताच पोरगी किंचाळली.

"काऊन नाई बदलला?" मी विचारलं, तर चपला घालत म्हणालात, "घरी बाईमाणूस नव्हतं ताई. पोरीची जात. मी बाप्या, कसं धुऊ तिले?"

आठ महिन्यांची आहे ती! माझी बहीण लीना गेली तेव्हा ही वीस दिवसांची होती. आई नाही, आणि बापाला लाज वाटते. गोठ्यात म्हशीची कास रोज दोनदा धुता, तेव्हा कोणती बाई बोलावता? कोमट पाणी, मऊ सुती कापड, पुढून मागे पुसायचं, अंग पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. एवढंच असतं.

पुढच्या शनिवारी या, शिकवते, असं लिहायला बसले होते. पण हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही शिकलात तर तिला कायमची घेऊन जाल. काल तुमच्यावर ओरडताना मला आतून बरं वाटत होतं, की पोर आता माझ्याकडेच राहील. समोर ती कळवळत होती, आणि मला बरं वाटत होतं. आता स्वतःचाच आलेला हा राग कोणावर काढू?

लीनाची बहीण,
चारुता