दोन बांधांमधला देवमासा

राजूर, ता. भोकरदन
सोमवार, १९ जानेवारी २०२६, सकाळचे सव्वाअकरा
(हरभऱ्याला पाणी सोडून विहिरीच्या काठावर बसलो आहे)

ती. यशश्रीताई हिस आदिनाथचा नमस्कार.

मामांचा गुडघा आणि तुझा खोकला दोन्ही उतरले असतील, असे धरून चालतो. रत्नागिरीची हवा दमट, तेव्हा जपून राहावे. आमच्याकडे कालपासून सर्व ठीक आहे. त्याआधी नव्हते, म्हणून हे पत्र. (फोन केला असता, पण हल्ली बाबा शेजारीच बसलेले असतात.)

दिवाळीत तू सांगितले होतेस, की देवमासे कित्येक कोसांवरून एकमेकांना हाका मारतात आणि हल्ली जहाजांच्या घरघरीत त्या हाका बुडून जातात. मी मान डोलावली, पण मनात म्हटले, पाण्यात कसली आली हाक. ताई, तेच आमच्या शेतात घडले.

तुला माहीत आहे, विहिरीच्या अलीकडे बाबांचे शेत, पलीकडे तातेरावकाकांचे. विहीर एक, मोटारही एक. दुपारी ज्याची भाकरी आधी येईल त्याने दुसऱ्याला हाक द्यायची आणि दोघांनी विहिरीवर बसून जेवायचे, ही आजोबांच्या वेळची रीत. दिवाळीनंतर मधल्या माळावर खडीचा क्रशर सुरू झाला. (तो दगड जास्त फोडतो की डोकी, हे मी खात्रीने लिहू शकत नाही.) त्याच आठवड्यात काकांनी हाक देणे बंद केले, असे बाबा म्हणाले. काकू म्हणाल्या, बाबांनी बंद केले. दोघे भाकरी पुढ्यात ठेवून वाट बघत आणि मग एकेकटे चिडून खात. होता होता बोलणे तुटले. बाबा सख्ख्या भावाला "ते पलीकडचे" म्हणू लागले. शेवटी काकांनी विहिरीची वाटणी काढली आणि मोजणीवाल्याला मंगळवारी, म्हणजे उद्या, बोलावून ठेवले. आमच्या विहिरीला दोन मोटारींपुरते पाणी नाही, हे दोघांनाही ठाऊक. मला रात्री झोप येईना आणि आई भाजीत मीठ टाकायचे विसरू लागली.

शुक्रवारी मी मोटारीजवळ होतो. वर पाहिले तर बाबा बांधावर उभे, हात तोंडाशी, मान ताणलेली. पलीकडच्या बांधावर काका, अगदी तसेच. ऐकू येत होता फक्त क्रशर. मला तू आठवलीस.

बाबांना मी मातीत देवमासा काढून सगळे समजावले. त्यांनी शेपटाकडे पाहिले आणि म्हणाले, समुद्रातले राहू दे, त्याच्याकडे फोन आहे ना, त्याने करावा. काकांकडे गेलो. त्यांचेही फोनबद्दल तेच म्हणणे, शिवाय एवढे मोठे जनावर खाते काय आणि किती, यातच त्यांनी माझा अर्धा तास घालवला.

काल अमावास्या. मजुरांनी क्रशर बंद ठेवला. दुपारी सगळीकडे चिडीचूप आणि एकदम पलीकडून काकांची हाक आली, "ओ दादाऽ, जेवायला या."

बाबांचा घास हातातच राहिला. ते उठून बांधावर गेले.

"ताते, तू रोज हाका मारून राह्यल्ता?"

"मंग काय भजन म्हणून राह्यल्तो?"

बाबा म्हणाले, "मी बी मारत व्हतो."

गळाभेट वगैरे काही झाली नाही. काकांनी आमची भाजी चाखली आणि वहिनी आजारी आहेत का, एवढे विचारले. जेवण झाल्यावर मोजणीवाल्याला त्यांनी स्वतः फोन करून येऊ नको म्हणून सांगितले. आता क्रशर चालू असला तरी हाकेची वाट न बघता दोघांनी सरळ विहिरीवर यायचे, असे ठरले आहे. मी काल रात्री ताणून झोपलो.

मामा-मामींस नमस्कार.

तुझा,
आदिनाथ

ता. क. : देवमासा एवढा मोठा नसतोच, असे काका म्हणतात. बाबा माझ्या बाजूने भांडतात. (शुक्रवारी त्यांचाच विश्वास नव्हता.) म्हणून खात्री करायला दोघेही गुरुवारी तुझ्याकडे निघत आहेत. तो रोज किनाऱ्यावर येत नाही, हे मी सांगून पाहिले.

ता. क. दुसरा : दोन महिन्यांचे साठलेले बोलणे दोघांनी आज पहाटे पाचलाच सुरू केले. बाबा आमच्या अंगणात, काका त्यांच्या. मध्ये एकच भिंत, पण आवाज शेतातलाच. आई आणि काकू दोघींचा निरोप आहे, की देवमासा दिसल्याशिवाय त्यांना परत पाठवू नको.