भिंतीवरचा बॉयलर

३ मार्च
पुन्हा आपटलो. बोटीवरच्या चीफ इंजिनियरची तोंडी परीक्षा, दुसऱ्यांदा, त्रेचाळिसाव्या वर्षी. बॉयलरचं विचारलं. माझा बॉयलर म्हणजे नोट्सचा कागद, बेडरूमच्या भिंतीवर, कपाटाच्या वर चिकटवलेला. आठवायचं झालं की तिकडे बघायचं, ही सवय. परीक्षकाच्या खोलीत त्या जागी एसी. मी एसीकडे बघत बसलो. काय बघताय, म्हणाला. काय सांगणार, कपाळ!
कंपनी आणखी एकदाच थांबणार. मग जन्मभर सेकंड इंजिनियर.

४ मार्च
डोकं गंजलं बहुतेक. स्वातीला हे बोललो नाही. बायको आहे, उगाच काळजी करत बसेल. जेवण गेलं नाही.

७ मार्च
एसीची गोष्ट शेवटी सांगितली. हसली. राग आला. मग म्हणाली, "आपली बेडरूम पास झालीय, तू नाही."
ती नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओ. पेशंट म्हणे हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर झकास चालतात आणि घरी बाथरूमच्या पायरीशी अडतात. म्हणून ती त्यांना जिना, फुटपाथ, बसस्टॉप, सगळीकडे हिंडवते. आता मलाही असंच हिंडवत अभ्यास करायला लावणार.
सगळे कागद तिनेच उतरवले. भिंत बोडकी.

९ मार्च
हॉकर सेंटर, खाण्याच्या टपऱ्यांचं. कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसलो, तेलाचा प्युरिफायर आठवेना. बोटीवर शंभरदा खोललाय मेला! शेजारचे काका नूडल्स खात माझ्याकडे बघत होते. घरी येऊन स्वातीवर डाफरलो. उगाच.

१५ मार्च
MRT ट्रेन. प्रत्येक स्टेशनला एक प्रश्न, मनातल्या मनात. रॅफल्स प्लेसला सगळे बँकवाले एकदम शिरले, चेंगरलो, इंजिनच्या क्रँककेसमधला स्फोट हा प्रश्न अर्धाच झाला. उरलेला पुढच्या स्टेशनला आठवला. पण आठवला!

२४ मार्च
कुलकर्णी (माझा बोटीवरचा जुना सोबती, आता जुरोंग आयलंडला नोकरीला) कंपनीच्या बसमधून फोन करतो आणि सरळ प्रश्न फेकतो. आज मी भाजी निवडत होतो. अडखळलो, पण कागदावरचा क्रम सोडूनही उत्तर आलं. "बरा आहेस की अजून," म्हणाला नालायक. फार बरं वाटलं.

२ एप्रि.
लाँड्री, लिफ्ट, बसस्टॉप. कुठेही चालतंय. स्वातीला सॉरी म्हटलं, त्या दिवशीच्या डाफरण्याचं.

११ एप्रि.
परीक्षेच्या ऑफिसातला बाक. झाली. निकालाला आत बोलावतील.
खोली वेगळी, परीक्षक नवी, एक बाई. पहिलाच प्रश्न कधी न वाचलेला: बंदरात शिरताना लाइट गेले, स्टीअरिंगही गेलं, आधी काय कराल? क्षणभर डोकं कोरं. मग बोलत सुटलो. चुकलो, सुधारलं. एकदा सरळ म्हटलं, हे नक्की माहीत नाही, पण आधी अमुक तपासेन. तिने लिहून घेतलं. काय, देव जाणे.
स्वातीला फोन केला. पास का, विचारलं. माहीत नाही म्हटलं. आणि मग महिनाभर गिळलेलं बोलून टाकलं, की मला वाटत होतं माझं डोकं संपलं. ती मग म्हणाली, "एवढं एकट्याने घेऊन फिरत होतास?"
हो म्हटलं. संपलेलं नाही गं, असंही म्हटलं, आणि रडू आलं, इथेच, बाकावर, सगळ्यांसमोर. किती हलकं वाटतंय.
आतून माझं नाव पुकारलं. जातो.