चाकांची खुर्ची

६ मे

सासू-सासरे आले. सामान कमी, सूचना जास्त! सासूबाई चौथ्या मजल्यापर्यंत जिना न थांबता चढल्या. मी दुसऱ्यावरच कठडा धरून उभी. डोळ्यांपुढे अंधारी, पायाखालची जमीन सरकलेली. चपलेचा पट्टा लावायचं सोंग केलं.

सोमवारी उपाशीपोटी रक्ततपासणी आहे. घरात कुणाला बोलले नाही. माझ्या आईचं दुखणं असंच सुरू झालं होतं – त्यापुढचं मनातसुद्धा आणवत नाही. आणि आत्ता बोलले तर शनिवारी म्युझियम बघायला जायचं रद्द. सासऱ्यांनी जन्मभर लोकांच्या चित्रांना फ्रेमा केल्या. तिथलं ते प्रसिद्ध चित्र एकदा प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचंय म्हणतात. माझ्यापायी ते हुकायला नको.

७ मे

दमले. बाजारात सासूबाई पुढे, मी फरफटत मागे.

८ मे

झालं एकदाचं म्युझियम!

दारातच सासूबाईंनी चाकांची खुर्ची मागवली. गुडघे धरले म्हणे. काल कुठे होते हे गुडघे? नवरा ढकलायला पुढे झाला तर त्याला अडवलं. "तू बाबांबरोबर जा. खुर्ची सूनच ढकलेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग स्वारी निघाली. त्यांच्या मांडीवर माझी पर्स, सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याची बाटली. दर दोन चित्रांनंतर हळू चल, इथे थांब. एकदा तर नीट बघायचंय म्हणून थांबवलं ते कोऱ्या भिंतीपुढे! बाक दिसला की मलाही बसायला लावायच्या, एकटीला कंटाळा येतो म्हणून. बसले.

ते प्रसिद्ध चित्र मला दिसलंच नाही. पुढे नुसती डोकी आणि वर धरलेले फोन. तिथेच पुन्हा अंधारी आली. दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा आवळला, कपाळ सासूबाईंच्या अंबाड्याला टेकायचंच बाकी. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. खुर्चीचा ब्रेक मात्र लावला. कुणाला काही कळलं नाही, नशीब माझं.

सासरे गर्दीतून परत आले ते डोळे पुसत. कसं होतं विचारलं, तर म्हणाले, फ्रेम जरा जड झालीये.

९ मे

सासूबाई कपड्यांची भरलेली बादली घेऊन गच्चीवर गेल्या. जिन्याने! नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईला गडी हवा होता, तो मिळाला. तो नुसता हसला. मी भांडी आपटली. भांडायलाही अंगात जीव नाही.

१० मे, सोमवार

ऑफिसला लवकर जायचंय सांगून निघाले. सासूबाई पदर खोचून, चप्पल घालून दारात. कुठे निघालात, विचारलं.

"तुझ्याबरोबर. दवाखान्यात."

कसला दवाखाना, मी म्हटलं.

"चहासुद्धा न घेता ऑफिसला निघालीस? आणि त्या दिवशी जिन्यात चपलेचा पट्टा लावत होतीस. पायात रबरी स्लिपर होत्या गं तुझ्या, त्यांना लावायला पट्टा कुठला?"

त्यांनी दार ओढून घेतलं, जिन्यापाशी आल्या आणि हात पुढे केला.

"आज खुर्ची नाही. मला धर."