माल निवडणारे हात

माय, दगड ओळखायला मला तूच शिकवलंस. तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीवर तू माल निवडायचीस आणि येताना पदरात एखादा तुकडा आणायचीस. "नुसती पायू नोको, हातात घे," म्हणायचीस. काळा, जड, घासला की बोट काळं करणारा तो माल. हलका तो नुसता दगड. एकदा काळ्या शिरांचा गुलाबी तुकडा दिलास. "हा मालात चालत नाही. पण उन्हापावसात हाच काळा होते. ठेव तुले."

सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी दहावीत होते, तेव्हा तुझा हात कापायला लागला. मग चालणं आखडलं, चेहरा हलेना. तुमसरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, खाणीची धूळ अंगात भिनली आहे, काम सोडा. "सोडून खाऊ काय?" एवढंच तू म्हणालीस. बाबा गेल्यापासून घर तुझ्याच हातांवर होतं.

मुकादमानं तुझ्यापुढे पाटी ओतली तो दिवस. "निवडून दाखव, बाई." तू दगड उचलते आहेस, हात मालाच्या ढिगाकडे निघतो आणि दगड तुझ्याच पायावर पडतो. दुसराही. मी धावत येऊन शेजारी बसते. तू पुटपुटत राहतेस, "हा माल... हा दगड... हा माल," आणि मी फेकत जाते. एकही चुकत नाही.

मुकादम खाली बघत म्हणाला, "मले हात पायजे, बाई."

"माही पोरगी फेकून राहिली ना जी!"

"तिले शाळेत जाऊ दे."

तू ढिगावरून उठेनास. दोन्ही मुठींत माल घट्ट धरलेला. बायांनी तुला धरलं आणि मी तुझं एकेक बोट सोडवलं. तुला रडताही येत नव्हतं. चेहरा तसाच कोरडा, नुसता घशातून आवाज येत होता.

माझी शाळा कायमची सुटली आणि तुझ्या जागेवर मीच बसले. संध्याकाळी परतले की तू खाटेवरून विचारायचीस, "हात कापते का तुहा?" मी दोन्ही हात पुढे धरायचे. दोन पावसाळ्यांनी तू गेलीस. खाण सुटली ती माझं लग्न झालं तेव्हा.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते आहे. माझा हात कापत नाही, माय. तरी अजून रोज सकाळी चहा ठेवण्याआधी मी तो पुढे धरून बघते. पोरांनी पाहिलं, तर म्हणते, आळस देते आहे.