हात बसवायला मावशी

चि. भिंगरीस,

तुझ्या नव्या समुपदेशन क्लिनिकमधून मी न सांगता निघून आले, ते गुडघा दुखत होता म्हणून नव्हे.

सवयीनं मी पर्समधला तुझ्या काकांचा चष्मा काढून पुसत बसले होते. तुला शिकवणाऱ्या मॅडम एकदम म्हणाल्या, "अय्या! गेलेल्या नवऱ्याचा चष्मा रोज पुसणाऱ्या मावशी त्या तुम्हीच का? तुमच्यावर हिनं फार छान काम केलं हो! थेरपिस्ट व्हायला अनुभवाचे तास भरावे लागतात ना, त्यात ते सगळे तास धरले आम्ही."

मी चष्मा पर्समध्ये टाकला आणि उठले.

काका गेल्यावर वर्षभर तू दर शनिवारी यायचीस. मला वाटायचं, भाची येते. म्हणून तर जे सख्ख्या बहिणीला, तुझ्या आईलाही बोलले नाही, ते तुला सांगितलं. आणि तू माझ्यावर हात बसवून घेत होतीस! आमच्या कॉन्व्हेंट शाळेतले फादर जन्मभर लोकांच्या पापांच्या कबुल्या ऐकत आले. त्या मोजून त्यांनी बढती मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

उद्या तुझा फोन येईल आणि मी म्हणेन, "गुडघा गं, दुसरं काय!" हे पत्र काही मी पोस्टात टाकायची नाही. कारण एक गोष्ट विचारायची मला भीती वाटते. काकांचे शर्ट कपाटातून काढताना माझ्याआधी तूच रडायला लागलीस आणि त्यांच्याच शर्टाला नाक पुसलंस.

तो शनिवारसुद्धा धरलास का गं?

तुझी, अजून तरी,
मावशी