शेवटच्या रांगेतला रुमाल

प्रिय दादा,

बाई आता अंथरुणाला खिळल्यात. काल भेटायला गेलो तर पहिला प्रश्न तुझाच, "दादा कुठंय तुझा?"

संगीत नाटकाच्या प्रयोगाआधी बाई रिकाम्या थिएटरात एक ओळ गाऊन बघायच्या, आठवतं? माईकचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. तू शेवटच्या रांगेत उभा. आवाज नीट पोचला की तू रुमाल वर करायचास, मगच त्या तोंडाला रंग लावायला बसायच्या. काय आवाज होता रे! मी बाहेर दारावर तिकिटं फाडणारा, तरी अंगावर काटा यायचा.

मग एका संध्याकाळी तू रुमाल खिशातच ठेवलास. "आज नाही पोचला, बाई." त्यांनी तुला तिथल्या तिथे हाकललं आणि तुझी जागा मला दिली. त्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. आता खरं सांगतो. पुढची सहा वर्षं आवाज दहाव्या रांगेपलीकडे आला नाही, आणि मी प्रत्येक प्रयोगाला रुमाल वर केला.

काल बाई म्हणाल्या, "तू खोटारडा आहेस, हे मला कधीचं माहीत आहे. दादाला बोलाव. त्याला दारात उभं करून एकदा गायचंय मला."

म्हणून लिहायला बसलो. पण त्यांचा आवाज आता उशीपलीकडे जात नाही. हे पत्र टाकलं तर तू धावत येशील, दारात उभा राहशील, आणि तुझा हात काही वर जायचा नाही.

तुझाच,
धाकटा